नास्तिकाची जागा

“चपला इथेच ठेवा, मी आहे,” असं म्हणून रत्नप्रभा मॅडम विहाराच्या पायरीवर रुमाल अंथरून बसल्या.

सात जणांनी सात जोड काढले. मिथुनने सगळ्यांत शेवटी, तेही एकेक बंद सावकाश सोडवत. घाटकोपरच्या या विहारात शिरलं की पाऊण तास फोन बंद. आणि सव्वादहाला त्याच्या आईला, कुंदाला, ऑपरेशनला आत घेणार होते. हृदयाची झडप बदलायची होती. दवाखान्यात बहीण मनाली होती. “तू जा. डिग्री बुडवू नको. मनाली हाय ना,” असं आईनेच सकाळी बजावलं होतं.

वेगवेगळ्या धर्मांच्या प्रार्थनास्थळांच्या आठही भेटींना हजेरी लावली तरच कॉलेज दोन क्रेडिट देणार होतं, आणि मिथुनला नेमके दोनच कमी पडत होते. ते नाहीत तर डिग्री नाही, डिग्री नाही तर अंधेरीच्या कार्गो कंपनीतली नोकरी नाही. आजची भेट आठवी.

कॉलेजच्या सर्वधर्म संवाद मंडळात एका धर्माचा एकच प्रतिनिधी घेत. जूनमध्ये मिथुन फॉर्म घेऊन पोचला तेव्हा हिंदूंची जागा कृणालने पटकावली होती. रिकामी होती फक्त शेवटची ओळ : ‘कोणताही धर्म न मानणारा’. मिथुनने तिथे खूण केली. माहुलच्या कोळीवाड्यातला पोरगा, गावदेवीला हात जोडल्याशिवाय एकाही पेपरला न गेलेला, दोन क्रेडिटसाठी नास्तिक झाला.

त्याला वाटलं होतं, नास्तिकाला कोण विचारतंय. मागे उभं राहायचं, हजेरी लावायची, घरी यायचं. पण मंडळात त्याचा थाट वरमाईसारखा निघाला. “हा आमचा मिथुन, काहीच मानत नाही,” अशी कृणाल कौतुकाने ओळख करून द्यायचा, आणि फादर असोत, मौलवी असोत, सगळे बाकीच्यांना सोडून त्यालाच जवळ बसवून घ्यायचे.

हाल मात्र त्याचे त्यालाच ठाऊक. वहीला पाय लागला की हात आपसूक कपाळाकडे निघायचा. तो अर्ध्या वाटेत वळवून डोकं खाजवायचं. “कोंडा झालाय का रे तुला?” तेजलने एकदा विचारलं होतं.

ही तेजल त्याची साक्षीदार. दर भेटीनंतर प्रत्येकाबद्दल दुसऱ्या धर्माच्या कोणीतरी वहीत एक ओळ लिहायची, अशी मंडळाची पद्धत. तेजल मुलुंडची, बौद्ध घरातली, आणि खोटं न बोलण्याच्या बाबतीत महाकटकट. स्टाफरूममधला केक आपण खाल्ला, हे तिने कोणी विचारलं नसताना जाऊन सांगितलं होतं.

मॅडमचं तर काय सांगावं. अठरा वर्षं मंडळ चालवत होत्या आणि प्रत्येक दारात चपला राखत होत्या. गुरुद्वारात चपला ठेवायची चोख सोय होती, तरी त्या बाहेरच थांबल्या. चर्चमध्ये चपला काढायच्याच नव्हत्या, तर मुलांच्या छत्र्या सांभाळत बसल्या. हातावर प्रसाद आला की, “शुगर आहे रे मला,” म्हणत मुलांत वाटून टाकायच्या.

“याला म्हणतात सेवा,” कृणाल म्हणायचा. मिथुनलाही ते पटायचं. अशा भाविक बाईला आपण फसवतोय, हे त्याला क्रेडिटपेक्षा जास्त टोचायचं.

विहारात वंदना सुरू झाली. समोरच्या घड्याळात सव्वादहा वाजले. मिथुनने मूठ आवळली, सोडली, पुन्हा आवळली. मग डोळे मिटले. गावदेवी माते, आईला सांभाळ. परत, परत, परत.

डोळे उघडले तेव्हा तेजल त्याच्याकडे बघत होती.

बाहेर पडताना तिने त्याला खांबामागे गाठलं. “काय पुटपुटत होतास?”

“कुठे काय.”

“ओठ हलत होते. हात जोडलेले होते. आणि एक सांगू? आमच्याकडे बुद्धाजवळ काही मागत नाहीत.”

“मी त्यांच्याकडे नव्हतो मागत. आमच्या देवीकडे मागत होतो.”

“इथे बसून?”

“मग कुठे बसू? तुम्ही बाहेर सोडताय का?” त्याचा आवाज फाटला. मग त्याने आईचं सांगितलं.

“मी खोटं लिहिणार नाही, मिथुन.”

“लिही मग खरं. माझी वाट लाव.”

“सोमवारी वही द्यायचीय. त्याआधी तूच जाऊन सांग ना यार.”

सोमवारी मिथुन पेढ्यांचा बॉक्स घेऊन स्टाफरूममध्ये गेला. मॅडम एकट्याच होत्या.

“आई शुद्धीवर आली, मॅडम. आणि दुसरं म्हणजे, मी नास्तिक नाहीये.” मग फॉर्मपासून विहारापर्यंत सगळं त्याने एका दमात सांगून टाकलं. “क्रेडिट कापले तरी चालेल,” असंही म्हणाला. चालणार नव्हतं, पण म्हणाला.

मॅडमनी साक्षीदारांची वही उघडून त्याच्यापुढे सरकवली. तेजलने लिहिलं होतं : ‘मिथुनबद्दल मिथुनलाच विचारा.’

“विचारायची वेळच नाही आली,” मॅडम म्हणाल्या, आणि त्याच्या क्रेडिटच्या कागदावर त्यांनी सही केली.

“पण मॅडम, मंडळात एक तरी न मानणारा लागतो ना? नियम आहे.”

“आहे. मीच केलाय.” त्यांनी पेनाला टोपण लावलं. “हे पेढे देवापुढे ठेवलेस?”

“नाही मॅडम, दुकानातून सरळ इकडेच आलो. देवीला संध्याकाळी नारळ ठेवीन.”

मॅडमनी एक पेढा उचलला आणि अख्खा तोंडात टाकला. मग दुसरा.

“मॅडम, शुगर?”

“शुगर मला कधीच नव्हती,” मॅडम बोटं पुसत म्हणाल्या, “आणि न मानणाऱ्याची ती जागाही अठरा वर्षांत एकदाही रिकामी नव्हती.”