मागे वळून पाहणारा मोर

रांगोळीच्या ऑनलाइन गटात एका नव्या मुलीने मागे वळून पाहणारा मोर टाकला. गटप्रमुख हेमांगीने लगेच लिहिलं, "हा मोर माझा आहे. पोस्ट काढा."

"काढते, ताई," उत्तर आलं. "पण आई म्हणते, संगमनेरच्या शाळेत शिकवताना तिने हा फळ्यावर काढला होता. फळा संपला, म्हणून मान मागे वळवावी लागली."

हेमांगीला पाचवीचा वर्ग लख्ख आठवला. हसणाऱ्या मुली, आणि खडूने माखलेल्या हाताने मोराची मान वळवणाऱ्या कुलथेबाई.

तिने गटातली स्वतःची दहा वर्षांपूर्वीची मोराची पोस्ट उघडली. 'संकल्पना : हेमांगी' ही ओळ पुसून 'कुलथेबाई' लिहिलं.

मग त्या मुलीला कळवलं, "पोस्ट राहू दे. बाईंना सांग, मोर चोरणारी त्यांच्याच वर्गातली निघाली."