निळी पाखरे

नवऱ्याचा मार सोसवेना म्हणून पळून आलेल्या कौशल्येचे नाव, गाव, छायाचित्र सारे आमच्या संस्थेने जिवापाड लपवले होते. तुमसरच्या प्रदर्शनात मी केवळ तिने हातमागावर विणलेले उपरणे मांडले. त्याच्या काठावर निळ्या धाग्याची इवलीशी पाखरे होती, आणि मी अभिमानाने लावलेली चिठ्ठी: ‘पवनीच्या आश्रयगृहातील भगिनींनी विणलेले.’

एक गृहस्थ त्या काठावरून बराच वेळ बोट फिरवत उभा राहिला.

“आवडले का?” मी संकोचाने विचारले.


“हे पाखरं फक्त आमच्याच मागावर निंगतेत, भाऊ,” चिठ्ठी काढून खिशात ठेवत तो हसला. “बायकोले मीच शिकवले होते.”