परत मागवलेला डबा

दुकानातून फोन आला तशी सून चीजचा डबा घेऊन खिडकीपाशी गेली. झाकणावरचा खेपेचा नंबर तिने दोनदा वाचला. मग डबा पिशवीत घट्ट बांधला, फ्रिजचा कप्पा गरम पाण्याने पुसला आणि कोपरापर्यंत हात धुतले.

“काय झालं गं?” मास्तरीणबाईंनी विचारलं.

“काही नाही, आई. कंपनीने माल परत मागवलाय. पोटबिट बिघडतं म्हणे. तुम्हाला ताप नाही ना?”

“मला कशाला येईल ताप?”

सून ओढूनताणून हसली.

उभा जन्म शाळेत व्याकरण शिकवलेल्या बाईंना पोरांची लबाडी तोंडावरून कळायची. दात दुखायला लागल्यापासून सकाळी टोस्टवर तेच मऊ चीज त्या खात होत्या. आणि आग्रहाने वाढायची कोण? सूनच.

मुलगा नोकरीसाठी परगावी. घरात बाई, सून आणि कॉलेजात जाणारी धाकटी लेक. हल्ली नणंद-भावजयीचं भलतंच गूळपीठ जमलं होतं. बाई खोलीत शिरल्या की कुजबुज बंद. धाकटी जेवायलाही त्यांच्याबरोबर बसेना. तिचं ताट सून खोलीत नेऊन द्यायची. पोटची पोरही फितवली हिने, बाईंच्या मनात आलं.

साबण आणायच्या निमित्ताने त्या दुकानात गेल्या. चीजचा कप्पा रिकामा होता.

“नुसतं पोट बिघडतं ना?” त्यांनी विचारलं.

“कुणी सांगितलं?” दुकानदार म्हणाला. “धडधाकट माणूस दोन दिवसांत उठून बसतो. पण काहींच्या जिवावर बेततं.” आणि कुणाकुणाला धोका ते तो बोटांवर मोजू लागला. “एक म्हणजे तुमच्यासारखी वयस्कर माणसं…”

बाईंना पुढचं ऐकवेना. साबण तिथेच ठेवून त्या घरी परतल्या.

सून बाल्कनीत पाठमोरी उभी राहून फोनवर बोलत होती. आवाज दबका.

“हो, तिने खाल्लंय. रोज थोडं थोडं… नाही, तिला अजून नीट सांगितलं नाही. हाय खाईल… ताप येईपर्यंत थांबायचं का?… घरात कुणाला कळता कामा नये, डॉक्टर.”

बाई दाराआड सरकल्या. पण विषापेक्षाही जास्त झोंबलं ते ‘तिने’. तोंडावर ‘आई, तुम्ही’ आणि पाठीमागे एकेरी! त्या आपल्या खोलीत गेल्या. मुलाला फोन लावला, पहिल्याच घंटेला तोडला. पुरावा नसताना सुनेविरुद्ध बोललं तर म्हातारीला चळ लागला म्हणतील.

दुसऱ्या दिवशी धाकटी लवकरच कॉलेजला गेली. पाठोपाठ सूनही “आलेच हं, आई” म्हणून चपला सरकवून निघाली. डब्याची पिशवी तिच्या हातात होती.

बाई मागोमाग. दुकानाच्या गल्लीत सून वळलीच नाही. सिग्नल ओलांडून ती तडक एका दवाखान्यात शिरली. बाईंनी खांबाला धरून दम घेतला. डॉक्टरही सामील दिसतोय. आज सोक्षमोक्ष लावायचाच.

दार ढकलून त्या आत घुसल्या. तपासणीच्या खोलीपुढे जाड पडदा होता आणि पडद्यापुढे सून. सासूला पाहून तिच्या तोंडचं पाणी पळालं.

“आई! तुम्ही इथे?”

“का? ज्या बाईला खाऊ घातलंस तिने तपासून घ्यायचं नाही?” बाईंचा आवाज चिरकला. “काय वाकडं केलं होतं गं मी तुझं?”

“तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. घरी चला, सगळं सांगते. आत्ता आत जाऊ नका, पाया पडते तुमच्या.” सुनेने दोन्ही हात आडवे धरले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

“हो बाजूला!”

तेवढ्यात पडद्याआड डॉक्टरीणबाई मोकळं हसल्या. “भाग्याची आहेस. त्या चीजमुळे काही झालेलं दिसत नाही, आणि बाळाचे ठोकेही छान आहेत.”

“वहिनी,” आतून धाकटीचा रडवेला आवाज आला, “आईला एवढ्यात सांगू नकोस गं.”