ध्येयवाक्य

"'वनवासी' नको, 'वनालगतचे नागरिक' लिहा," पुण्याहून कोणीतरी म्हणालं, आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

सकाळचे साडेसहा झाले होते. धानोऱ्यात संघप्रिया कानाला हेडफोन लावून बसली होती. पाच वर्षांपूर्वी हा प्रोग्राम तिने एकटीने लिहिला. वाघ दिसला की पाहणाऱ्याने मेसेज टाकायचा. कुठे दिसला आणि किती वाजता, एवढंच. आसपासच्या गावांतले फोन लगेच वाजायचे. कोड तिने खुला ठेवला होता. कोणीही फुकट घ्यावा, सुधारावा. हळूहळू शहरांतले वीस-बावीस जण येऊन मिळाले. वरोऱ्याचा लोकेश त्यांतलाच. आता एक मोठी संस्था पाठीशी उभी राहायला तयार होती. तिच्या फॉर्मवर पहिलाच रकाना ध्येयवाक्याचा होता.

"पाच वर्षं वाक्याविना चाललंच नं, लोकेशभाऊ," ती आधी म्हणाली होती.

"चाललं. पण तुले कोणी ओळखते का?"

ते तिला लागलं होतं.

तेवढ्यात पडद्यावर लाल खूण उमटली. तीन मेसेज अडकले होते.

"मेसेज अडकून राह्यले. मले आधी ते पाहू दे," ती म्हणाली.

"दहाले फॉर्म बंद होते," लोकेश म्हणाला. "एक वाक्य आहे. मंग पाह्य."

मेसेज अधूनमधून अडकायचेच. ती बसून राहिली. 'सुरक्षित' की 'सक्षम' यावर तासभर गेला. शेवटी वाक्य तिनेच सुचवलं. सगळ्यांना ते आवडलं. दहाला पाच मिनिटं कमी असताना फॉर्म गेला. मग तिने बिघाड शोधला. एक ओळ चुकली होती. चार मिनिटांत ती दुरुस्त झाली आणि अडकलेले मेसेज एकदम सुटले. त्यांतला एक सहा-दहाचा होता, नाल्याजवळ दिसलेल्या वाघाचा.

जवळच्याच एका गावातली रंजीताबाई सातलाच मोहफुलं वेचायला गेली होती. आठच्या सुमारास वाघाने तिला नाल्यात ओढत नेलं.

संध्याकाळी संघप्रिया त्या गावी गेली. सगळं सांगून टाकायचं, असं तिने वाटेत ठरवलं होतं. अंगणात गाव जमलं होतं. रंजीताबाईचा नवरा रामाजी भिंतीला टेकून बसला होता. तिला पाहून तो उठला आणि त्याने मोबाइल पुढे केला.

"तुमचा मेसेज आलता, बाई. हे पाहा. नाल्याजवळ वाघ, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. मोबाइल खुंटीवरच्या सदऱ्यात होता. मले वाजलेला ऐकूच नाई आला. नाईतर तिले जाऊच नसतं देल्लं."

त्याच्या मेव्हण्याने तोंड फिरवलं. दोन्ही पोरी रडायच्या थांबून बापाकडे पाहू लागल्या.

"टायमावरच आलता नं, बाई?"

संघप्रियाने त्याच्याकडे पाहिलं. मग अंगणातल्या माणसांकडे.

"हो," ती म्हणाली. "टायमावरच."