आरशातला गप्पीदास

बांधाकडेला लावलेल्या मोटरसायकलचा आरसा हणमंतानं वैतागून पुसला. झुडपावरचा तो इवला काळा गप्पीदास रोज आरशातल्या स्वतःलाच दुसरा नर समजून चोची मारायचा, वर घाण करून ठेवायचा. तिकडं बांधाच्या बिळातल्या घरट्यात पिल्लं भुकेनं चिवचिवत होती.

“अरे येड्या, तिथं तूच आहेस! पिल्लांना किडे नेऊन घाल की!”

“कुणाला सांगताय हे?” बायको फणकारली. हातभर बांधावरून भावाभावांच्या भांडणात यंदाची पेरणी राहिली होती.

हणमंतानं आरशाला टॉवेल गुंडाळला. शत्रू दिसेनासा होताच गप्पीदास नाकतोडा पकडून घरट्याकडं उडाला.

बांधापलीकडं थोरला भाऊ उभा होता. तेच कपाळ, तशीच आठी, कमरेवर हात. हणमंताचेही हात कमरेवरच होते. चिडून त्यानं ते खाली घेतले.

थोरल्यानंही घेतले.