दाब, धर, सोड

जुन्या जीपच्या ब्रेकला मोठा मास्टर सिलिंडर टाक, म्हणून भावाने तिचं डोकं खाल्लं होतं. ती ऐकेना. "मोठ्या सिलिंडरने पेडल दगडासारखं कडक होतं. मला पायाला कळणारा ब्रेक हवाय."

"ताई, आज ब्रेक लागला नाही, तर जीप भंगारात!" तो तणतणत निघून गेला.

तिने लहान सिलिंडर बसवला आणि ब्रेकच्या नळीतली हवा काढायला चाकामागे आडवी झाली. जीपचं दार वाजलं. आला वाटतं वरमून!

"दाब!" पेडल खाली गेलं. "धर!" तिने स्क्रू सैल केला. बुडबुडे फसफसत बाहेर आले. स्क्रू आवळून ती ओरडली, "सोड!" एकही चूक नाही. चारही चाकं झाली.

"कुणावर ओरडतेस गं?" भाऊ फाटकातून आत येत होता.

ती उठली. सीट रिकामी होती.

दुसरं कुणी पळालं असतं. पण या घरात 'तुला जमणार नाही' ऐकून ऐकून तिची भीती कधीच मेली होती. तिने दारातून हात घालून हँडब्रेक धरला.

"दाब," ती रिकाम्या सीटला म्हणाली. पेडल सावकाश गेलं आणि अर्ध्यावर घट्ट थांबलं. तिने हँडब्रेक काढला. "आता ढकल, शहाण्या!"

अंगणातल्या उतारावर भावाने सगळा जीव लावला. जीप तसूभरही हलली नाही.

"लागला की नाही? बोल!"

"लागला, बाई, लागला! त्याला... सोडायला सांग."

ती खदखदून हसली. "सोड!"

पेडल दाबलेलंच राहिलं. सीट तेवढी करकरली, कुणी नीट सरसावून बसावं तशी.