सहा वाजताची पाच वाक्यं

“पन तो रोज लिवतो काय? मराठीत सांग ना गो मना,” पार्वतीकाकी म्हणाली आणि तिनं सुक्या बोंबलाच्या चटणीची बरणी स्नेहाच्या हातात दिली.

बरणी प्रितमसाठी होती. प्रितम काकीचा एकुलता एक. चार महिन्यांपूर्वी तो थायलंडला एका कंपनीत लागला. येत्या शनिवारी स्नेहाही त्याच कंपनीत निघाली होती. एजंट भूपेशनं तिकीट पाठवलं होतं आणि वर सांगितलं होतं, “तुझं नाव प्रितमनंच दिलंय.” हे ऐकून स्नेहा दिवसभर हवेत होती.

तिनं बरणी पिशवीत ठेवली आणि वही काढली. वहीत प्रितमची चार महिन्यांची वाक्यं उतरवलेली होती, प्रत्येक पानावर तिच्या लाल पेनाच्या खुणा.

तो जायच्या आधी दोघं पूर्णा गावच्या गोदामात मालाच्या स्कॅनिंगला होते. खोक्यांतून सूचनांचे कागद निघायचे, एकच मजकूर जर्मन, जपानी, स्पॅनिशमध्ये छापलेला. ते वाचता वाचता दोघांना नाद लागला. क्लास परवडणारा नव्हता, म्हणून मोबाइलवर फुकट मिळेल त्यावर शिकत सुटले. गोदामातली पोरं विचारायची, “खोकी उचलायला जर्मन कशाला लागतं रे?” प्रश्न बिनतोड होता. आपलं आपण भाषा शिकणाऱ्याचा उत्साह तिसऱ्या आठवड्यात गार पडतो. यांनी तर एकदम तीन घेतलेल्या. म्हणून प्रितमनं नेम घालून दिला. रोज संध्याकाळी सहाला एकानं पाच वाक्यं पाठवायची, दुसऱ्यानं तपासायची. वाक्याला दोन मार्क. आणि मनातल्या मनातसुद्धा मराठी करायचं नाही, चुका तेवढ्या शोधायच्या.

तो गेला तरी नेम चुकला नाही. गप्पा मात्र बंद झाल्या, नुसती वाक्यं यायची. कधी स्नेहा बारा तास उभी राहून आलेली असायची. आज राहू दे म्हणून आडवी व्हायची, तेवढ्यात सहाला फोन वाजायचा. तो तिकडे राबून अभ्यास करतो, मग आपल्यालाच काय धाड भरली? ती उठून बसायची. त्या पाच वाक्यांनीच तिला चार महिने धरून ठेवलं होतं.

“मना तं तो रविवारी फोन करतो,” काकी म्हणाली. “दोनच मिनटं. आन आता हिंदीतच बोलतो. तिकडं सवय लागली असंल. ‘सब ठीक है मम्मी’ बोलतो. पयले आये बोलायचा.”

काकीच्या कामतघरच्या चाळीत खालच्या लूमचा आवाज भिंतीतून येत होता. काकी लूमसाठी सुताच्या कांड्या भरायचं काम सोडून मांडी घालून ऐकायला बसली. निघण्याआधी एकदा मराठी न करायचा नियम मोडायला काय हरकत, असं म्हणून स्नेहानं वही उघडली.

“‘आमच्या खोलीत बारा जण झोपतात. खोलीला खिडकी नाही.’”

“मंजे आपल्यासारखंच,” काकी हसली.

“‘माझा पासपोर्ट साहेबांच्या कपाटात आहे.’”

“हरवन्यापरीस बरा.”

“‘दार बाहेरून बंद करतात. मी दिवसाला शंभर लोकांना फोनवर फसवतो. ज्या दिवशी कोणी फसत नाही, त्या दिवशी मला जेवण मिळत नाही.’”

स्नेहानं ते वाक्य पुन्हा पाहिलं. हे तिनं जर्मनमध्ये तीनदा वाचलं होतं. तिला ते आवडलंही होतं, कारण एवढं लांब वाक्य त्याला पहिल्यांदाच बिनचूक जमलं होतं. मराठीत मात्र ते तिच्या तोंडून आज प्रथमच बाहेर पडत होतं. तिला भीती वाटली. पान उलटायची तर त्याहून जास्त वाटली.

“वाच,” काकी म्हणाली. ती आता हसत नव्हती.

“‘ते रोज सगळ्यांचे फोन तपासतात. त्यांना हिंदी येतं, इंग्रजी येतं, मराठीही येतं. त्यांना वाटतं मी अभ्यास करतो.’”

शेवटचं पान कालचं होतं. तू नाव दिलंस म्हणून शनिवारी मीही येते, असं स्नेहानं परवा प्रितमला मराठीत कळवलं होतं. त्यावर काही उत्तर आलं नव्हतं. काल सहाला फक्त वाक्यं आली होती, जपानीत, पहिलीतल्या मुलाला शोभतील इतकी छोटी. थकला बिचारा, सोप्यावर आला, असं तेव्हा तिला वाटलं होतं. आता तिनं त्यांवर बोट ठेवलं.

“‘मी कोणाचंही नाव दिलेलं नाही. कागदावर सही करू नको. विमानात बसू नको. येऊ नको. येऊ नको.’”

काकीनं स्नेहाची पिशवी पुढे ओढली, चटणीची बरणी बाहेर काढली आणि मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसली. मग तिचं लक्ष पानावरच्या लाल अक्षरांकडे गेलं. तिला वाचता येत नव्हतं.

“आन यो लाल काय? तू काय लिवलंस त्याला?”

स्नेहानं काल त्याला पाठवलेलं उत्तर वाचलं. ते मराठीतच होतं.

“‘दहापैकी आठ. तेच वाक्य दोनदा लिहिलंस, म्हणून दोन मार्क कापले.’”